लेंड कोण, बॉरो कोण?

इंग्रजीतल्या काही क्रियापदांच्या जोड्या आपल्याला शाळेत एकाच तासाला शिकवतात आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते. टीच आणि लर्न, राइज आणि रेझ, आणि या सगळ्यांची थोरली जोडी म्हणजे लेंड आणि बॉरो. (मराठी शाळेच्या वर्गात 'लेंड' म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकते. का ते सांगायला नको.)

यातल्या पहिल्या दोन जोड्या मराठी माणसाला तशा जड जात नाहीत. शिकणे-शिकवणे, उठणे-उठवणे... आपल्याकडे मध्ये एक 'व' घातला की काम भागतं. लेंड-बॉरोसाठी असा हुकमी 'व' नाही. गाईडमध्ये काय लिहिलेलं असतं? लेंड म्हणजे उसने देणे, बॉरो म्हणजे उसने घेणे. झालं. पोरं 'उसने' तेवढं पाठ करतात आणि शेपटीचं 'देणे-घेणे' परीक्षेपर्यंत गळून जातं. मग पेपरात वाक्य येतं, 'माय फादर लेंट मनी फ्रॉम द बँक'. बाबांनी बँकेला कर्ज दिलं की घेतलं?

आज या जोडीबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलंय, कारण गेल्या वर्षी आर्णीकडे याच घोळापायी एक ट्रॅक्टर भलतीकडे जाता जाता राहिला. पण तिथे पोचण्याआधी थोडं व्याकरण उरकून घेऊ. कंटाळा करू नका, फार नाहीये.

व्यवहार एकच असतो. पाचशेची नोट एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते आणि कधीतरी परत यायची असते. देणाऱ्याच्या खुर्चीत बसून बोललात तर लेंड, घेणाऱ्याच्या खुर्चीत बसून बोललात तर बॉरो. इथपर्यंत सोपं आहे. खरी गंमत वाक्याच्या रचनेत आहे. लेंडच्या घरात तिघांना जागा आहे: देणारा, घेणारा आणि वस्तू. 'शी लेंट मी फाइव्ह हंड्रेड रुपीज' या वाक्यात तिघंही ऐसपैस बसलेत, 'टु'सुद्धा लागला नाही. 'शी लेंट फाइव्ह हंड्रेड रुपीज टु मी' असंही चालतं. बॉरोच्या घरात मात्र दोघांचीच सोय, घेणारा आणि वस्तू. 'आय बॉरोड फाइव्ह हंड्रेड रुपीज' इथे वाक्य पूर्ण झालं. देणाऱ्याला आणायचंच असेल तर 'फ्रॉम' लावून मागच्या दाराने आणावं लागतं, नाही आणला तरी कुणी विचारत नाही. म्हणून 'लेंड मी युअर पेन' बरोबर आणि 'बॉरो मी युअर पेन' चूक. त्या वाक्यात 'मी' बसेल कुठे? खुर्चीच नाही.

लक्षात ठेवायला एक सोपी खूण सांगतो. लेंड हे 'गिव्ह'सारखं वागतं आणि बॉरो हे 'टेक'सारखं. गिव्ह मी, लेंड मी. टेक फ्रॉम, बॉरो फ्रॉम. वाक्य अडलं की त्या जागी गिव्ह किंवा टेक टाकून बघायचं. आमच्यासारख्या तिकडच्या क्लायंटशी बोलणाऱ्यांसाठी आणखी एक टीप: अमेरिकन माणूस सर्रास 'कॅन यू लोन मी' म्हणतो. ते चूक नाही. ब्रिटिश वळणाच्या मास्तरांना तेवढं ते खपत नाही.

आता मराठीकडे वळू. आपल्याकडे लेंड-बॉरोला एकेक शब्द नाही म्हणून आपली भाषा गरीब आहे असं वाटत असेल तर थांबा. मराठीने दिशा दाखवायचं काम देणे आणि घेणे या रोजच्या क्रियापदांवर सोपवलंय. आणि त्यांच्या आधी जो शब्द येतो त्यात तिने असं काही भरून ठेवलंय जे इंग्रजी क्रियापद सांगतच नाही: हा व्यवहार कुठल्या जातीचा आहे.

शेजारून वाटीभर साखर आणली तर ती उसनी. परत द्यायची ती तेवढीच वाटी, व्याज नाही, कागद नाही. पैसे तसेच घेतले तर हातउसने. दुकानातून माल आणला आणि पैसे नंतर द्यायचे ठरले तर उधार. ('आज रोख उद्या उधार'ची पाटी आठवली ना?) व्याज आणि कागद आले की कर्ज. वस्तू ठेवून पैसे आणले तर गहाण. गावाकडे जुन्या लोकांना विचारलंत तर सवाई आणि दिडी हेही शब्द मिळतील: पेरणीला धान्य न्यायचं आणि सुगीला सव्वापट किंवा दीडपट करून परत द्यायचं. मजुरीचे पैसे आगाऊ घेतले तर उचल. आणि शेजाऱ्याची शिडी आणली तर आपण सहसा 'उसनी आणली' म्हणत नाही, 'मागून आणली' किंवा 'वापरायला आणली' म्हणतो. कारण परत जाणार ती तीच शिडी. साखर मात्र तीच परत जात नाही, ती चहात गेलेली असते. रोमन कायद्यात या दोन व्यवहारांसाठी वेगवेगळे करार होते, तीच वस्तू परत करायची असेल तर 'कोमोदातुम' आणि तेवढीच परत करायची असेल तर 'मुतुउम'. इंग्रजी बॉरोला शिडीही चालते आणि साखरही.

म्हणजे हिशेब असा झाला. इंग्रजी बोलणाऱ्याला वाक्य सुरू करण्याआधी ठरवावं लागतं की मी कुठल्या खुर्चीत आहे. मराठी बोलणाऱ्याला ठरवावं लागतं की हा व्यवहार कुठल्या प्रकारचा आहे. दोन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात, पण आधी विचारतात वेगवेगळा प्रश्न. आणि आपण इंग्रजी वाचताना सवयीने आपलाच प्रश्न विचारत बसतो. 'लेंडर' दिसलं की डोक्यात 'कर्जाचं काहीतरी' एवढाच दिवा लागतो. कोण, हा प्रश्न अंधारातच राहतो.

तर आता आर्णी. यवतमाळ जिल्ह्यातला तालुका, यवतमाळहून महागाव-उमरखेडमार्गे नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा. याच तालुक्यातलं दाभडी हे गाव २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदींच्या 'चाय पे चर्चा'मुळे देशभर टीव्हीवर दिसलं होतं. विषय अर्थातच शेती. कापूस, सोयाबीन, तूर हा सगळा मुलूख. इथे 'कर्ज' हा शब्द पावसाइतका रोजचा. कृषी केंद्रातून बियाणं आणि खत उधारीवर, कापूस विकला की उधारी चुकती. सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज. ते मुदतीत 'नवं-जुनं' करायचं, म्हणजे जुनं भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. भरलं नाही तर सात-बाऱ्यावरचा बोजा तसाच. या लोकांना कर्जाचा व्यवहार कळत नाही असं म्हणणारा माणूस त्यांच्या ओट्यावर कधी बसलेला नसणार.

माझं आजोळ याच तालुक्यात. मामाच्या शेजाऱ्याने काही वर्षांपूर्वी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला आणि मामा त्याला जामीन राहिला. दोन सहामाही हप्ते थकले. गेल्या वर्षी पोळ्याच्या आसपास कंपनीचं पत्र आलं, शेजाऱ्याला एक आणि जामीनदार म्हणून मामाला एक. चार पानं, सगळी इंग्रजीत. गावात इंग्रजी वाचायला कोण? माझी मामेबहीण, दहावीतली. पोरगी हुशार आहे, इंग्रजीत मार्कही बरे पडतात. तिने ओट्यावर बसून सगळ्यांना पत्र वाचून दाखवलं. त्यात एक कलम होतं. हप्ते थकले तर वाहनाचा ताबा घेण्याचा आणि ते विकण्याचा अधिकार 'लेंडर'ला राहील. तिने लेंडर म्हणजे 'कर्ज घेणारा' असा अर्थ लावला.

आता हे वाक्य शेजाऱ्याच्या कानाने ऐका. कर्ज घेणाऱ्याला ट्रॅक्टर विकायचा अधिकार आहे! त्याच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. विकून टाकू, कंपनीचे पैसे फेडू, उरलेल्यात पोरीच्या कॉलेजची फी भरू. दोन दिवसांत त्याने दिग्रसचं एक गिऱ्हाईक गाठलं, सौदाही ठरत आला.

मामाला मात्र काहीतरी खुपत होतं. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला.

"काऊन रे, कंपनी कवापासून इतकी चांगली झाली? पैसे तिचे थकले आन् ट्रॅक्टर इकाचा हक्क आमाले देते म्हंते!"

मी म्हटलं, मामा, त्या पानाचा फोटो पाठव. फोटो आला, मी वाचलं आणि लगेच मामेबहिणीला फोनवर घेतलं.

"लेंडर म्हणजे कोण गं?"

"कर्ज घेणारा ना दादा? लेंड म्हणजे उसनं."

"उसनं काय? देणं की घेणं?"

पलीकडे शांतता. मग एकदम, "अरे बाप रे. म्हणजे कंपनी?"

हुशार आहे म्हटलं ना. तिने स्वतःच पळत जाऊन शेजाऱ्याला सांगितलं. सौदा थांबला. थांबला नसता तर? ट्रॅक्टर कंपनीकडे तारण होता, आरसी बुकवर कंपनीच्या बोजाची नोंद होती. कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ नसताना ती नोंद उतरत नाही, म्हणजे दिग्रसवाल्याचे पैसे अडकले असते आणि तारण परस्पर विकलं म्हणून शेजारी वेगळ्याच लफड्यात सापडला असता. आणि मामा? त्याला वाटत होतं की 'मी तं फक्त जामीन हाओ'. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. 'फक्त' वगैरे काही नसतं. शेवटी दोघं मिळून कंपनीच्या ऑफिसात गेले, कापूस विकल्यावर थकलेले हप्ते भरायची मुदत मागून घेतली आणि डिसेंबरात भरलेही. ट्रॅक्टर अजून शेजाऱ्याच्याच दारात आहे.

आता या मुलीला दोष द्यावा असं मला वाटत नाही. मुळात हे दोन शब्द सगळ्याच भाषांमध्ये इतके लख्ख वेगळे नाहीत. जर्मन भाषेत 'लायहेन' आणि 'बोर्गेन' ही दोन्ही क्रियापदं देणाऱ्यालाही चालतात आणि घेणाऱ्यालाही, दिशा बाकीच्या वाक्यावरून कळते. इंग्रजी बॉरो याच बोर्गेनचा नातलग. जुन्या इंग्रजीत 'बोर्ग' म्हणजे तारण किंवा जामीन. म्हणजे बॉरोच्या मुळाशी पैसे नव्हतेच, हमी होती. लेंड आणि लोन हेही एकमेकांचे भाऊबंद, आणि लेंडच्या शेवटचा 'ड' तर मागाहून चिकटलेला आहे. मला हे वाचून गंमत वाटली. मामा ज्याला 'फक्त जामीन' म्हणत होता, त्या जामिनावरच बॉरो हा शब्द उभा आहे.

आणि कराराच्या कागदांवरची इंग्रजी तर मुद्दाम पाय अडकावा अशी. लेंडर म्हणजे बँक, शेवटी 'अर'. त्याच हिशेबाने मॉर्गेजर म्हणजेही बँक वाटेल ना? नाही. मॉर्गेजर म्हणजे गहाण ठेवणारा, म्हणजे कर्जदार. बँक ती मॉर्गेजी! कारण पैसे बँक देते पण गहाण आपण देतो. एकाच कागदावर एकच माणूस एका पानावर बॉरोअर आणि दुसऱ्या पानावर मॉर्गेजर. पुण्या-बंगळुरात फ्लॅट घेताना आपण दोन-तीन डझन सह्या ठोकतो तेव्हा यातलं किती वाचलेलं असतं? ओट्यावरची पोरगी निदान वाचत तरी होती.

आमच्या धंद्यातही हा शब्द येऊन बसलाय. रस्ट नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा ज्यांनी वापरली आहे त्यांना 'बॉरो चेकर'ने कधी ना कधी रडवलेलं असतंच. डेटाचा मालक एकच, बाकीच्यांनी तो उसना घ्यायचा. नुसता वाचायला हवा तर एका वेळी कितीही जण घ्या, बदलायचा असेल तर एकालाच मिळेल, आणि मालक संपायच्या आत उसनवारी संपलीच पाहिजे. नियम मोडला तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. बघा, तिथेही चेकर बॉरोचाच आहे, एररमध्येही बॉरोच येतं. लेंड चेकर नावाचं काही नाही. पण एक गोष्ट मला त्यात आवडते. कोण मालक, कोण घेणारा आणि किती वेळासाठी, हे काम सुरू होण्याआधी स्पष्ट असावं लागतं. सही झाल्यावर कलम कळलं, असा प्रकार नाही.

आपल्या मराठी शब्दांचंही सगळं निर्मळ आहे असं नाही हं. संस्कृतात कर्ज देणारा तो उत्तमर्ण आणि घेणारा तो अधमर्ण. कोण वर, कोण खाली, ते शब्दातच ठरलं. मराठीतलं धनको-ऋणको त्या मानाने सभ्य. पेपरात दर खरिपाला बातमी असते, 'पीककर्ज वाटप'. वाटप! जणू प्रसाद. देताना वाटप आणि घेताना वसुली, क्रियापद बदललं की सूर बदलला. कर्ज रद्द करण्याचंही तसंच. सगळे 'कर्जमाफी' म्हणत असताना शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'कर्जमुक्ती' हा शब्द धरला, कारण माफी गुन्ह्याला असते. पुढे २०१९च्या राज्य सरकारच्या योजनेच्या नावातच कर्जमुक्ती आलं. इंग्रजीत यातल्या कशालाही 'लोन वेव्हर'च म्हणतात, आणि वेव्ह करतो तो लेंडर. पुन्हा त्याचीच खुर्ची.

कागद एका भाषेत आणि सही करणारा दुसऱ्या भाषेत, हे दुखणं जुनं आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्यापासून दंगे सुरू झाले तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं हिसकावून जाळली होती. राग कागदावर होता. त्यातूनच १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिला जावा अशी तरतूद झाली. (तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगरपुरता. आमचं यवतमाळ तेव्हा वऱ्हाडात.) आज काय आहे? रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या नव्या मुदत कर्जांना 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' बंधनकारक केलंय. व्याज, सगळे चार्जेस आणि महत्त्वाच्या अटी थोडक्यात, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, आणि समजावून सांगितल्याची पोच घेऊन. फायनान्स कंपन्यांनी कर्जदाराशी पत्रव्यवहारही स्थानिक किंवा त्याला समजणाऱ्या भाषेतच करावा असं त्यांच्यासाठीच्या आचारसंहितेत आधीपासून आहे. शेजाऱ्याला आलेली चार पानं मराठीत असायला हवी होती. त्याने मागितली नाहीत, कारण मागता येतात हेच त्याला माहीत नव्हतं.

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी ज्यांचं गाव, आजोळ, सासर कुठे आर्णी-दिग्रसकडे किंवा आणखी कुठे असेल त्यांनी पुढच्या फोनवर एवढं एक सांगून ठेवा: कर्जाचा कागद मराठीत मागायचा, तो आपला हक्क आहे. इंग्रजीत आलाच तर सही करण्याआधी फोटो पाठवायचा. आणि वाचताना पेन्सिलने प्रत्येक 'लेंडर'च्या डोक्यावर 'कंपनी' आणि प्रत्येक 'बॉरोअर'च्या डोक्यावर घेणाऱ्याचं नाव लिहून काढायचं. मामेबहीण आता असंच करते. परवा गावातल्या एकाचं गोल्ड लोनचं पत्र तिने असंच वाचून दिलं आणि त्यातला 'प्लेजर' म्हणजे कोण, ते विचारायला मला फोन केला. मी सांगायच्या आत म्हणाली, "थांब दादा, सोनं ठेवणारा ना?"

बरोबर होतं.